कुलूप ओढून पाहिलं



या पानावर मी दरवर्षी तुम्हाला यंत्रांच्या गोष्टी सांगतो. गेल्या दिवाळीत जुने फोटो कसे जपायचे ते लिहिलं होतं, त्याच्या आधी आजी-आजोबांच्या टॅब्लेटबद्दल. त्या लेखांमुळे काही जण मला 'मंडळाचा कॉम्प्युटरवाला' म्हणायला लागले आणि मला ते आवडायलाही लागलं. यंदाच्या लेखाने ती पदवी जाईल कदाचित. ऑगस्टमध्ये तुम्हा सगळ्यांना मंडळाची जी ईमेल आली, ती ज्याच्यामुळे पाठवावी लागली तो मीच. ईमेल छोटी होती. त्यामागची हकिगत इथे सविस्तर लिहितो, कारण अनेकांनी विचारलं, आणि ज्या साधनाने ती चूक सापडली ते तुमच्याही घरी उपयोगी पडेल म्हणून.

आधी एक सूचना. संपादकांचा दंडक असा की अंकात रोमन अक्षर नको. म्हणून संगणकाला द्यायच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत. 'डॅश' म्हटलं की ती छोटी आडवी रेघ.

तर जुलैतली वार्षिक सभा. बटाटेवडे संपत आलेले, हॉलची वेळ संपायला वीस मिनिटं, आणि मी मंडळाच्या सर्व्हरचा अहवाल वाचत होतो. आपला सर्व्हर म्हणजे महिना काही पौंड भाड्याने घेतलेलं एक आभासी यंत्र. त्यावर डेबियन नावाची लिनक्सची जात चालते. आपली वेबसाइट, सभासदांची यादी, मराठी शाळेचं हजेरीपत्रक, जुने दिवाळी अंक, सगळं तिथे. मी म्हणालो, "फायरवॉल चालू आहे, तीनच दारं उघडी आहेत, बाकी सगळं बंद."

आपले खजिनदार काका पहिल्या रांगेत होते. काकांनी उभी हयात बँकेत हिशेबतपासनीस म्हणून काढली. त्यांनी हात वर केला.

"कुलूप लावलंय हे ऐकलं. ओढून पाहिलंस का?"

सगळे हसले, मीही हसलो. आपल्यापैकी कोणाला हा प्रश्न कळला नाही? गावाला निघताना कुलूप लावायचं, दोनदा ओढायचं, टॅक्सीत बसल्यावर पुन्हा कोणीतरी विचारायचं, "ओढून पाहिलंत ना?" मी म्हटलं, "पाहतो काका." आणि घरी येऊन विसरलो. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला, "पाहिलंस का?"

हे ओढून पाहायचं जे साधन, त्याचं नाव एनमॅप. नेटवर्क मॅपरचं लघुरूप. गॉर्डन लायन नावाच्या माणसाने, जो फ्योदोर या टोपणनावाने लिहितो, ते १ सप्टेंबर १९९७ रोजी फ्रॅक नावाच्या हॅकर मंडळींच्या नियतकालिकाच्या ५१व्या अंकात लेखासोबत छापलं. पुढे काही करायचा बेत नव्हता म्हणून त्याला आवृत्तीचा क्रमांकसुद्धा दिला नव्हता. आता पाव शतक उलटून गेलं, अजून नव्या आवृत्त्या येताहेत, फुकट. 'मेट्रिक्स'चा दुसरा भाग ज्यांनी २००३ साली थिएटरात पाहिला त्यांनी हे साधन नकळत पाहिलंय. ट्रिनिटी वीजकेंद्राच्या संगणकात शिरते तेव्हा तिच्या पडद्यावर एनमॅपच चालू असतं. सिनेमात संगणकावर जे दाखवतात त्यातलं खरं असं क्वचितच काही असतं, त्यातलं हे एक.

ते करतं काय? इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर ६५,५३५ दारं. त्यांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक दाराला नंबर. वेबसाइट ८० आणि ४४३ या दारांतून येते, ईमेलची देवाणघेवाण २५ मधून. दूर बसून सर्व्हर चालवायचं एसएसएच नावाचं दार २२ नंबरचं. फिनलंडच्या तातू युलोनेनने १९९५ साली ते बनवलं आणि २१ आणि २३ ही दोन जुनी दारं ज्यांची जागा घ्यायची होती त्यांच्या मधला मोकळा नंबर रीतसर मागून घेतला. डेटाबेसचं, म्हणजे जिथे याद्या साठवतात त्या कोठाराचं, नेहमीचं दार ३३०६. हा नंबर लक्षात ठेवा.

एनमॅप या दारांवर एकेक थाप मारत जातं. उत्तरं तीन प्रकारची येतात. आतून 'हो, बोला' आलं तर दार उघडं. 'इथे कोणी राहत नाही' आलं तर बंद. आणि काहीच उत्तर आलं नाही तर एनमॅप त्याला 'फिल्टर्ड' म्हणतं, म्हणजे बहुधा वाटेत कोणी वॉचमन आहे आणि तो थापच आत पोचू देत नाही. थाप मारायची पद्धतही मजेशीर आहे. ज्यांनी नव्वदीच्या दशकात भारतात लँडलाइन वापरली त्यांना ब्लँक कॉल आठवतील. आपण 'हॅलो' म्हणायचं आणि पलीकडून ठेवून द्यायचं. एनमॅपची नेहमीची पद्धत तशीच. संभाषण सुरू करायची विनंती पाठवायची, पलीकडून होकार आला की फोन ठेवायचा. दार उघडं आहे एवढं कळलं, बोलायचं कशाला? यासाठी यंत्राचे पूर्ण अधिकार लागतात, म्हणून आज्ञेच्या आधी 'सुडो' लावायचं. नाही लावलं तर एनमॅप पूर्ण संभाषण जोडून बघतं. तेही चालतं, फक्त थोडं सावकाश आणि पलीकडच्या नोंदवहीत जास्त ठळक उमटणारं.

बसवायला मिनिट लागलं नाही. डेबियन किंवा उबुंटूवर 'सुडो एपीटी अपडेट' आणि मग 'सुडो एपीटी इन्स्टॉल एनमॅप'. फेडोरा असेल तर एपीटीच्या जागी डीएनएफ. फ्रीबीएसडीवाले आपल्यात दोघेच आहेत, त्यांना 'पीकेजी इन्स्टॉल एनमॅप' मी सांगायला नको. विंडोज आणि मॅकसाठीही मिळतं, आणि ज्यांना काळ्या पडद्याची भीती वाटते त्यांच्यासाठी झेनमॅप नावाचं बटणांचं रूपही आहे.

मी ते आपल्या सर्व्हरवर बसवलं, तिथेच बसून 'एनमॅप लोकलहोस्ट' असं टाइप केलं, म्हणजे 'स्वतःलाच तपास'. चार दारं उघडी दिसली. २२, ८०, ४४३ आणि ३३०६. मी निश्चिंत. डेटाबेस त्याच यंत्रावर आहे, तेव्हा आतून तो दिसणारच. काकांना फोन लावला, "पाहिलं काका, ठीक आहे."

"कुठून पाहिलंस?"

"सर्व्हरवरूनच."

"म्हणजे घरात बसून आतून दार ओढलंस," काका म्हणाले. "कुलूप बाहेरून असतं ना रे?"

या माणसाने आयुष्यात लिनक्सला हात लावलेला नाही.

तो शनिवार होता, श्रावणातला. जिन्याखालच्या कपाटात माझा एक जुना लॅपटॉप आहे, बॅटरी मेलेली, उबुंटू घातलेला. त्यावर एनमॅप बसवलं आणि घरून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, 'सुडो एनमॅप' पुढे आपल्या सर्व्हरचं नाव अशी आज्ञा दिली. काही न सांगता एनमॅप सर्वांत जास्त वापरात असलेली १,००० दारं तपासतं. काही सेकंदांनी उत्तर आलं. ९९६ फिल्टर्ड. चार उघडी.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. ९९७ आणि तीन असायला हवं होतं. ३३०६ उघडं होतं, आणि या वेळी मी बाहेर उभा होतो. माझ्या घरातून ते उघडं म्हणजे ब्राझीलमधूनही उघडं.

मग 'डॅश एस व्ही' लावून पुन्हा चालवलं. यात व्ही मोठा. हे लावलं की एनमॅप थाप मारून पळत नाही, उघड्या दाराशी थोडं बोलतं आणि आत कोण आहे ते विचारून येतं. उत्तरात डेटाबेसचं नाव आणि आवृत्ती आली. मारियाडीबी, अमुक अमुक. आपल्या दाराशी उभ्या असलेल्या परक्या माणसाशी आपला डेटाबेस इतका मोकळेपणाने बोलतो हे पाहून पोटात गोळा आला.

फायरवॉल चालू होती. मी तपासली. नियम तेच होते, तीन दारं, बाकी बंद. मग हे चौथं उघडलं कोणी?

मीच. गुढीपाडव्याच्या सुमारास मी डेटाबेस नव्या पद्धतीने बसवला होता, डॉकर नावाच्या साधनात. डॉकरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या डब्यात राहतो, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. मांडणीच्या फाइलमध्ये एका नमुन्यातून मी एक ओळ उचलली होती, ३३०६, विसर्गासारखी दोन टिंबं, पुन्हा ३३०६. तिचा अर्थ, डब्यातलं ३३०६ नंबरचं दार बाहेरच्या ३३०६शी जोड. मला वाटलं होतं, बाहेर म्हणजे सर्व्हरपर्यंत. पुढे फायरवॉल आहेच की.

इथे गंमत आहे, आणि ज्यांच्याकडे असा सर्व्हर आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. लिनक्सची यूएफडब्ल्यू ही फायरवॉल सोसायटीच्या मुख्य फाटकावरच्या वॉचमनसारखी. 'या यंत्राकडे' येणाऱ्या प्रत्येकाला ती अडवून विचारते. डॉकर काय करतो, तर फाटकाच्या आधीच, रस्त्यावर, एक पाटी लावतो, '३३०६कडे जाणाऱ्यांनी बाजूच्या गल्लीने जावे'. ती गल्ली थेट डब्यात निघते. तांत्रिक भाषेत, येणाऱ्या पाकिटाचा पत्ता आधीच बदलला जातो, त्यामुळे ते 'आत आलेलं' न राहता 'पुढे पाठवायचं' होतं, आणि वॉचमनचे नियम फक्त आत येणाऱ्यांसाठी असतात. वॉचमन जागा होता, प्रामाणिक होता. त्याच्यासमोरून कोणी गेलंच नाही. यात डॉकरचा दोष काढता येणार नाही, त्यांच्या माहितीपत्रात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते त्या शनिवारी रात्री वाचलं.

उपाय दोन मिनिटांचा. त्या ओळीच्या सुरुवातीला १२७.०.०.१ हा पत्ता घातला की दार फक्त यंत्राच्या आतून उघडतं. आपल्या बाबतीत तर ती ओळच नको होती, कारण वेबसाइटसुद्धा शेजारच्याच डब्यात आहे आणि डबे आपापसात बोलू शकतात. ओळ खोडली, डबा पुन्हा चालू केला, लॅपटॉपवरून पुन्हा थाप मारली. ९९७ आणि तीन.

मग उरलेली सगळी दारं पाहिली. 'डॅश पी डॅश' म्हणजे १ ते ६५,५३५. वॉचमन उत्तर देत नाही तेव्हा एनमॅपला प्रत्येक दाराशी वाट पाहावी लागते, त्यामुळे यात वेळ जातो. जेवण झालं, भांडी झाली, तरी चालू होतं. आणखी काही सापडलं नाही. नंतर 'डॅश ६' लावून पुन्हा एकदा, कारण बहुतेक सर्व्हरना आता दोन पत्ते असतात, जुन्या पद्धतीचा आणि आयपीव्ही६चा, आणि एनमॅप सांगितल्याशिवाय दुसऱ्याकडे बघत नाही. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड, असं होऊ शकतं.

ही झाली यंत्राची बाजू. खरा प्रश्न रात्री अकरा वाजता समोर होता. साडेचार महिने ते दार उघडं होतं. कोणी आत आलं का?

"आपल्या एवढ्याशा मंडळाकडे कोण बघणार?" असं बायको म्हणाली, माझ्या समाधानासाठी. पण कोणी 'बघत' नसतंच. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन केलं. चांगल्या जोडणीवरच्या एका साध्या यंत्रावरून जुन्या पद्धतीच्या सगळ्या इंटरनेट पत्त्यांचं एक दार ते ४५ मिनिटांच्या आत ठोठावून येतं. सगळ्या जगाचं. आपण कोण आहोत हे त्याला ठाऊक नसतं आणि गरजही नसते. डेटाबेसची नोंदवही उघडली तर पानंच्या पानं भरलेली होती. 'रूट' या नावाने आत यायचा प्रयत्न, पासवर्ड चुकीचा, प्रवेश नाकारला. पुन्हा, पुन्हा, दिवसरात्र, जगभरच्या पत्त्यांवरून.

नाकारलेल्यांची नोंद होती. यशस्वी शिरलेल्यांची नोंद ठेवायची सोय असते, ती मी कधी चालू केली नव्हती. आणि पासवर्ड? तो आता बदललाय, तरी छापत नाही. एवढंच सांगतो की मंडळाचं नाव आणि स्थापनेचं साल माहीत असलेल्या माणसाला तो तिसऱ्या फटक्यात सापडला असता.

याद्या जागेवर होत्या. असे चोर पुष्कळदा सगळं पुसून खंडणीची चिठ्ठी ठेवून जातात, तशी चिठ्ठी नव्हती. पण आपल्या सगळ्या याद्या मिळून एका मोबाइल फोटोएवढ्या आकाराच्या. कोणी त्याची नक्कल नेली असती तर भाड्याच्या यंत्राच्या आलेखावर त्याचा ठिपकाही उमटला नसता. कोणी आलं याचा पुरावा नाही, आलं नाही याचाही नाही.

रात्रीच काकांना फोन केला. ते जागे होते. मी म्हटलं, "काका, सगळं जागेवर आहे, काही गेलेलं दिसत नाही."

"शिल्लक जुळली म्हणजे चोरी झाली नाही, असं नसतं," ते म्हणाले. "उद्या सकाळी कमिटी बोलाव."

रविवारी सकाळी सातजण आमच्या स्वयंपाकघरात. तुमच्यातले काही जण होते, त्यांची नावं घेत नाही. ब्रिटनच्या कायद्यानुसार लोकांची खासगी माहिती धोक्यात आली आणि त्यातून त्यांना त्रास व्हायची शक्यता असेल, तर कळल्यापासून ७२ तासांत माहिती आयुक्तांच्या कार्यालयाला सांगावं लागतं. मंडळ लहान आहे, स्वयंसेवकांचं आहे, याने सुटका होत नाही. तरी चर्चा तास-दीड तास चालली. एकजण म्हणाले, काही झालंच नसेल तर लोकांना घाबरवायचं कशाला? दुसऱ्या म्हणाल्या, शाळेच्या अर्जात मुलांच्या जन्मतारखा आहेत, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ते आहे. मला स्वतःला काय वाटत होतं ते लिहितो. मला वाटत होतं, कळवू नये. दार बंद केलंय, पासवर्ड बदललाय, आणि अहवाल वाचताना छाती पुढे काढून उभा असलेला मी सगळ्यांना आठवत असेन. मी हे बोललो नाही. काकांनी मात्र माझ्याकडे पाहून विचारलं, "पैसे कमी भरले असते तर खातेदाराला सांगितलं असतंस ना?"

सोमवारी आयुक्तांच्या कार्यालयाला कळवलं, संध्याकाळी तुम्हाला ईमेल गेली. कार्यालयाकडून प्रश्न आले, उत्तरं दिली, ते प्रकरण मिटलं. तुमची उत्तरं बहुतेक सौम्य होती. 'असू दे रे' अशी अकरा. तिखट दोन, आणि दोन्ही रास्त.

आणि एक फोन. एक ताई. त्यांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. त्यांचा पत्ता काही विशिष्ट माणसांना कळू नये अशी त्यांच्या आयुष्याची मांडणी होती. मंडळात नाव घालताना पत्ता द्यावा की नाही याचा त्यांनी दोन दिवस विचार केला होता, आणि 'आपलीच माणसं आहेत' म्हणून दिला होता. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दार उघडं असतं हे मला चालतं. उघडं आहे हे माहीत नसणं चालत नाही." मी ऐकत राहिलो. मग त्या म्हणाल्या, "कळवलंत ते बरं केलंत. मी माझ्या बाजूने जे करायचं ते करते." फोन पाच मिनिटांचा होता. त्यानंतर मी बराच वेळ जिन्यावर बसून होतो.

त्या आठवड्यात आम्ही विचारलं, मंडळाला सभासदांचा घरचा पत्ता लागतो कशाला? दिवाळी अंक तर कार्यक्रमातच देतो. कोणालाच उत्तर येईना. अर्जात तो रकाना फार पूर्वीपासून होता म्हणून होता. तो आता काढलाय, जुने पत्ते पुसलेत. शाळेच्या जन्मतारखांच्या जागी फक्त इयत्ता. ॲलर्जीची यादी कागदावर, शाळेच्या पेटीत.

आता तुमच्या घराकडे वळू, कारण हे सगळं वाचून कोणाला एनमॅप चालवावंसं वाटलं तर आधी एक गोष्ट. फक्त स्वतःच्या यंत्रावर, किंवा मालकाने स्पष्ट होकार दिलेल्या यंत्रावर. शेजाऱ्याचं वायफाय, ऑफिसचं नेटवर्क, मुलांच्या शाळेची वेबसाइट, यांवर नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. ऐंशीच्या दशकात इथल्या दोन पत्रकारांनी प्रेस्टेल या सेवेतल्या प्रिन्स फिलिप यांच्या पत्रपेटीत शिरून दाखवलं होतं. त्यांच्यावर खोट्या दस्तऐवजांच्या कायद्याखाली खटला चालला आणि १९८८ साली ते सुटले, कारण संगणकात शिरण्याविरुद्ध कायदाच नव्हता. मग १९९० साली तो आला, कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट. आता सुटका नाही. भारतातही २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आहे. हात साफ करायचा असेल तर एनमॅपवाल्यांनीच एक यंत्र मुद्दाम ठेवलंय, स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग. त्यावर दिवसात थोड्या वेळा खुशाल थापा मारा.

घरी सर्वांत उपयोगी आज्ञा म्हणजे 'सुडो एनमॅप डॅश एस एन १९२.१६८.१.०/२४'. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घाला. ही दारं ठोठावत नाही, घरात कोणकोण आहे एवढी हजेरी घेते, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं नावही बहुधा सांगते. आमच्या चौघांच्या घरात एकोणीस निघाले. अठरा ओळखीचे. एकोणिसावा कोण ते कळेना. मुलीने एकेक वस्तू बंद करत शोधला. गेल्या दिवाळीत आकाशकंदिलासाठी घेतलेला वायफायचा प्लग. कंदील नोव्हेंबरात उतरवला, प्लग पडद्यामागे वर्षभर इंटरनेटला जोडलेला.

पुण्यात आईबाबांकडे भावाने हेच त्याच्या लॅपटॉपवरून केलं, बाबांना विचारून. दारावरच्या कॅमेऱ्याचं २३ नंबरचं दार उघडं निघालं. ते टेलनेटचं, एसएसएचच्या आधीच्या काळातलं, ज्यात पासवर्ड उघडा जातो. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता. २०१६ साली मिराई नावाच्या किड्याने अशाच कॅमेऱ्यांची आणि रेकॉर्डरची फौज उभी केली होती, आत शिरायला त्याच्याकडे कारखान्यातल्या पासवर्डांची साठेक जोड्यांची यादी होती. त्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या अनेकांना मोठमोठ्या वेबसाइटी काही तास उघडता आल्या नाहीत त्या या फौजेमुळे. भावाने पासवर्ड बदलला, कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, टेलनेट बंद केलं. मग त्याला सोसायटीचा रेकॉर्डरही तपासायचा होता. मी म्हटलं, तो तुझा नाही, आधी सेक्रेटरींकडून लेखी घे. सेक्रेटरी म्हणाले, सर्वसाधारण सभेत ठेवू. म्हणजे बघा.

आपल्या सर्व्हरचं सांगतो आणि थांबतो. जिन्याखालचा लॅपटॉप आता दर रविवारी सकाळी सहा वाजता आपोआप थापा मारतो. निकाल 'डॅश ओ एक्स' ने फाइलमध्ये ठेवतो आणि एनडिफ नावाच्या साधनाने गेल्या रविवारच्या फाइलशी ताडून बघतो. डेबियन-उबुंटूवर एनडिफ वेगळं मागून घ्यावं लागतं. बदल असो वा नसो, दोघांना ईमेल जाते, मला आणि काकांना. बदल नसला तरी पाठवायची ही अट काकांची. त्यांना इंग्रजी मजकूर नको होता, म्हणून विषयाच्या ओळीत मी 'शिल्लक जुळली' असं घातलंय.

तिसऱ्या रविवारी सव्वानऊला फोन वाजला. मी अजून अंथरुणात.

"आज ईमेल नाही आली."

खाली जाऊन पाहिलं तर बायकोने आदल्या दिवशी व्हॅक्यूम क्लीनरसाठी लॅपटॉपचा प्लग काढला होता, आणि बॅटरी तर मेलेलीच. काकांना तसं सांगितलं.

"जोड आणि कळव," ते म्हणाले.

जोडला. हाताने एकदा चालवला. ९९७ आणि तीन. कळवलं.